बहार आणि फळ : वैद्यकीय परीक्षणांतील पर्यायी निकष
(आष्टी, जिल्हा वर्धा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा पाठ)



आष्टी परिसरातील संत्रा बागाईतदार बहार फुटल्याबरोबर फळांचा हिशेब मांडीत नाही. मध्ये गळ आहे, रोगराई आहे. वैद्यकीय संशोधनापुढेही हाच पेच असतो. एखाद्या उपायाने माणसे वाचतात काय, हे कळण्यास वर्षे लागतात. म्हणून रक्तदाब, साखर अशा लवकर मोजता येणाऱ्या खुणेवरून निर्णय घेतला जातो. अशा खुणेस पर्यायी निकष म्हणावे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अनियमित ठोके आवरणारी औषधे प्राणही वाचवतील, असा डॉक्टरांचा समज होता. ‘कॅस्ट’ या परीक्षणात एन्केनाइड व फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके आवरले होते, माणसे गेली. १९८९ मध्ये ही औषधे थांबवावी लागली.

आपल्या राज्यातील दाखला अधिक बोलका आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी पाहणी झाली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. (या चौथ्या गटावर पुढे आक्षेप आले, आणि ते क्षुल्लक नव्हते.) कर्करोगापूर्वीचे गंभीर बदल सापडण्याचे प्रमाण अनुक्रमे ०.९, १.० व ०.७ टक्के होते. एवढ्यावर थांबले असते, तर पेशीतपासणीच सरस ठरली असती. आठ वर्षांनी मृत्यू मोजले : विषाणूचाचणीच्या गटात ३४, पेशीतपासणीच्या ५४, डोळ्यांनी तपासलेल्या ५६ व चौथ्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे, ३१ ते ३४ हजारांचे होते. मुंबईत मात्र डोळ्यांनी करावयाची तपासणी दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हा दोष पद्धतीचा नव्हे, एकदाच झालेल्या तपासणीवरून भाकीत करण्याचा.

संख्याशास्त्रज्ञ रॉस प्रेंटिस यांनी १९८९ मध्ये यासाठी कडक अट घातली. खूण व मृत्यू यांचा संबंध दिसणे पुरेसे नाही. उपायाचा मृत्यूवरील सारा परिणाम त्या खुणेतूनच व्यक्त झाला पाहिजे. हे पडताळण्यास अखेर मृत्यूंचीच नोंद लागते. उस्मानाबादेत ती होती, म्हणून फरक दिसला. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण ‘म्हातारपण’ असे लिहून टाकले, की तो दिसत नाही.