लाकडी बुचावरचा मुलामा

वसमत तालुक्यातला आपला कुरुंदा परिसर उसाचा, केळीचा आणि हळदीचा. उसाचा सिरका, लिंबाचा रस किंवा मध काचेच्या बाटलीत भरून विकायचा झाला, तर हातानं कातलेलं, धातू बसवलेलं लाकडी बूच बाटलीला शोभा आणतं. पण ती शोभा किती दिवस टिकेल, हे वरच्या चकाकीवर नाही, तर खालच्या धातूवर ठरतं.

बाजारातल्या पुष्कळ चकचकीत बुचांचा धातूचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम. क्रोम अतिशय कठीण असतं, पण त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. खरं रक्षण खालचं निकेल करतं. तेही पातळ असलं की सिरक्याचं आम्ल जस्तापर्यंत पोचतं. मग पांढरी पूड दिसू लागते, मुलामा फुगतो आणि पापुद्रे सुटतात. सोन्याचा मुलामा गंजत नाही, पण मऊ असल्यानं हाताळून झिजतो.

धोका फक्त बाटलीतून नाही. लाकडातूनही आम्लाची वाफ निघते. ओल्या लाकडातून ती जास्त निघते, म्हणून बूच कातण्याआधी लाकूड नीट वाळवून घ्यावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि वाळलं की आकसतं, धातूचं तसं होत नाही. त्यामुळे घट्ट ठोकून बसवलेला सांधा सैल होतो किंवा लाकूड तडकतं.

आपल्या घरात तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून कल्हईवाला नवसागर आणि भट्टी घेऊन दारात बसून ती पुन्हा चढवी. झिजणार हे गृहीत धरूनच ती पद्धत घडली होती. क्रोमचा मुलामा मात्र घरी पुन्हा चढत नाही.

म्हणून आंबट पदार्थाला लागणारा भाग 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल धातूतच मिसळलेलं असतं. ओरखडा पडला तरी हवेतल्या प्राणवायूनं त्याचा रक्षक थर आपोआप पुन्हा तयार होतो. पितळ फक्त बाहेरच्या शोभेपुरतं वापरावं. ते काळवंडलं तरी चिंचेनं उजळता येतं.

कातारी बंधूंनो, सुटा भाग विकत घेताना चकाकी पाहू नका. खाली कोणता धातू आहे ते विचारा, आणि तेच गिऱ्हाइकाला खरं सांगा.