आधी डोळा, मग जबडा

वसंत व्याख्यानमालेत त्या संध्याकाळचा विषय होता ‘खोल समुद्रातले ड्रॅगनफिश’. पडद्यावर सुयांसारख्या दातांचा जबडा झळकला आणि सतरंजीवर बसलेली मुलं ओरडली. व्याख्याते, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जरा खट्टूच झाले. दात बघायला सगळेच येतात, आज डोळ्याबद्दल बोलू, असं म्हणून त्यांनी चित्र बदललं. या माशांचं सगळं शरीर उजेडाच्या हिशेबाने घडलं आहे, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. पुढचा तासभर त्यांनी तो हातचा सोडला नाही.

समुद्रात उजेड कसा विरतो हे शाळेत झालंच आहे, म्हणून त्यांनी ते एका वाक्यात उरकलं: तांबडा रंग वरच्यावर संपतो, खाली उरतो तो निळा. म्हणून तिथल्या बहुतेक जिवांच्या डोळ्यांना फक्त निळं-हिरवंच कळतं. अपवाद मोजके. त्यांतला एक, १८४८ मध्ये नोंदला गेलेला ‘मॅलॅकोस्टिअस नायजर’. हा वीतभर काळा मासा साधारण ५०० मीटरच्या खाली राहतो. त्याच्या डोळ्यामागे निळसर-हिरवा दिवा आणि डोळ्याखाली गडद तांबडा. तांबड्या दिव्यावर तपकिरी गाळणी असते. ती बराचसा उजेड गिळते आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढचा तेवढा बाहेर सोडते. तो फार लांब पोचत नाही. पण भक्ष्याला तो दिसतच नाही, आणि माशाला भक्ष्य दिसतं.

पण माशाला तरी तो कसा दिसतो? त्याच्या डोळ्यातली रंगद्रव्यंही तांबड्याला पुरेशी नाहीत. रॉन डग्लस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं: दृष्टिपटलात हरितद्रव्यापासून बनलेला एक पदार्थ आहे. तो तांबडा प्रकाश टिपतो आणि डोळ्याच्या कामी लावतो. प्राण्याला हरितद्रव्य बनवता येत नाही, म्हणजे ते अन्नातूनच येणार. ट्रेसी सटन यांनी २००५ मध्ये या माशाच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जबडा शरीराच्या चौथ्या हिश्शाएवढा, दात एवढाले, आणि पोटात मुख्यतः निघाले काही मिलिमीटरचे कवचधारी जीव, कोपेपॉड! प्राध्यापकांचा आवाज इथे चढला. डोळ्यांसाठी गाजर खा म्हणून आई मागे लागते ना, तसे हे कोपेपॉड, असं ते म्हणाले आणि सभागृह हसलं. हरितद्रव्य कोपेपॉडांतूनच येतं हे अजून अनुमान आहे, हे मात्र त्यांनी भरभर सांगून टाकलं.

‘कालवण कसं होतं याचं?’ मागून एका काकांनी विचारलं. ‘खालच्या जबड्याला तळच नाही हो, नुसती हाडं आणि एक स्नायूची दोरी. कालवणात काय घालणार?’

मग बोलण्यात खोल समुद्राचे संशोधक विल्यम बीबी आले आणि वेळापत्रक कोलमडलं. बीबी आणि ओटिस बार्टन बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून, तारेला लटकून खाली जात. सप्टेंबर १९३२ मध्ये सुमारे ६४० मीटरवर, क्वार्ट्‌झच्या खिडकीतून बीबींना निदान सहा फुटी दोन मासे दिसले. अंगावर फिकट निळ्या दिव्यांची ओळ. खाली लोंबणाऱ्या दोन दोऱ्यांच्या टोकांना तांबूस आणि निळे ठिपके. त्यांनी नाव ठेवलं ‘बॅथिस्फेरा इंटॅक्टा’. नमुना नाही, फोटो नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. तो मासा पुन्हा कोणालाच दिसला नाही. बीबींच्या दुसऱ्या एका माशाबद्दल तर मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी १९३५ मध्ये सुचवलं की काचेवर जमलेल्या श्वासाच्या वाफेतून दिवे तसे भासले असतील.

‘म्हणजे थापच की!’ कोणीतरी म्हणालं. प्राध्यापक दुखावले. ड्रॅगनफिशच्याच कुळातल्या ‘इडियाकँथस’ची, देठावर डोळे असलेली पिल्लं आधी वेगळाच मासा समजली गेली होती; ती याचीच पिल्लं हे बीबींनीच दाखवलं, असं त्यांनी ठणकावलं. ही साक्ष खरी. पण तिथे बीबींच्या हातात नमुने होते, हा फरक त्यांनी सोयीस्करपणे गाळला.

एवढ्यात कार्यवाहांची चिठ्ठी आली: पाच मिनिटं. दातांची पाळी आता आली, तीही डोळ्याच्या वाटेने. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ‘ॲरिस्टोस्टोमिअस सिंटिलन्स’चे दात पारदर्शक असतात. त्यांतले स्फटिक इतके बारीक असतात की प्रकाश फारसा विखुरत नाही. म्हणजे उघडा जबडाही भक्ष्याच्या नजरेला येत नाही. इथे टाळ्या पडल्या आणि शाल-श्रीफळ झालं.

एक गोष्ट मात्र वेळेअभावी राहिली, किंवा सिद्धान्तात बसत नाही म्हणून टाळली गेली. शनेल आणि जॉन्सन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की काही ड्रॅगनफिशांच्या कवटी आणि मणक्यांमध्ये खराखुरा सांधा असतो. त्यामुळे डोकं मागे झुकतं आणि जबडा १२० अंशांपर्यंत उघडतो. या सांध्याचा डोळ्याशी काही संबंध नाही. तो मोठं भक्ष्य गिळण्यासाठीच आहे.