कंपवात : नाव आणि अर्थ



मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. तरी आज पाच मिनिटं एका आजाराच्या नावाविषयी बोलते. आपल्या बॅचमधल्या बहुतेकांचे आई-वडील आता सत्तरीत आहेत, म्हणून.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. मराठीत कंपवात. कंप म्हणजे थरथर. आणि शरीराच्या हालचाली आयुर्वेद ज्याच्याकडे सोपवतो, तो वात. पण बाबांचा हात कधी थरथरलाच नाही. कापसाच्या हिशोबाच्या वहीत त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, चालताना उजवा हात हलेनासा झाला, चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी संधिवात, कुणी लकव्याची सुरुवात. कंप नाही, म्हणून कंपवाताचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. निदानाला दोन वर्षं लागली.

ही अडचण जुनीच आहे. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्याला ‘थरथरता लकवा’ अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे फ्रान्सच्या डॉ. शार्को यांनी दाखवलं, की सगळेच रुग्ण थरथरत नाहीत, आणि लकव्यासारखी ताकदही जात नाही. म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचंच नाव दिलं.

मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यामुळे हालचाल मंदावते. सोबत ताठरपणा असतो, किंवा कंप. आजार पूर्ण बरा होत नाही, पण लेव्होडोपाच्या गोळ्यांनी हालचाल बरीच सुधारते. आपण लहानपणी जिला घाबरायचो, त्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण ऐकून लगेच रानात जाऊ नका! डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “चला, मलाही काहीतरी नाव मिळालं.” इतकी वर्षं औषधांच्या वेळा, बटणं, आंघोळ हे सगळं ती बिननावाचं करत होती.

आता घरी गेलात की आई-बाबांचं अक्षर बघा, चाल बघा. बदल वाटला तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. थरथर सुरू होण्याची वाट बघू नका.