एका खोलीतले चौघे
(सुवर्णमहोत्सवी सभा, बेळगाव येथील भाषण)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहात कानडी मुलांना जागा द्यावी की नाही, हा प्रश्न सध्या मंडळापुढे आहे. त्यावर बोलण्यापूर्वी एका शाळेची हकीकत आपल्या कानांवर घालतो.

कुर्ट हान हे जर्मनीतले ज्यू शिक्षक. १९३३ साली नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले. सुटका झाल्यावर त्यांनी ब्रिटनचा आश्रय घेतला. १९५५ साली पॅरिसच्या नाटो संरक्षण महाविद्यालयात ते व्याख्यानाला गेले, तेव्हा काल-परवाचे वैरी एकत्र अभ्यास करताना त्यांना दिसले. प्रौढांना जे साधते ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का साधू नये? या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये, सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात, अटलांटिक कॉलेज सुरू झाले. १९६७ पासून तेथे मुलीही आल्या.

तेथे शांततेची नुसती प्रवचने झाली नाहीत. निरनिराळ्या देशांची मुले एकाच छपराखाली राहिली, आणि समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचविण्याचे काम त्यांनी मिळून केले. बुडत्याला हात देताना शेजारी कोणत्या देशाचा, हे विचारावयास सवड नसते! पुढे या शाळेची भावंडे अनेक देशांत निघाली. त्यांतले एक १९९७ पासून पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. या सीमाभागात भाषेवरून मने किती दुखावली आहेत, हे मी आपणांस सांगावयास नको. आपला हक्क, आपली भाषा सोडावी, असे मी मुळीच म्हणत नाही. हान यांच्या शाळेत जर्मन मुलाला जर्मनपण सोडावे लागले नव्हते.

आपल्याच मुलांना जागा अपुरी पडते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून माझी सूचना लहान आहे. येत्या वर्षापासून एकच खोली अशी ठेवावी, की जीत दोघे मराठी व दोघे कानडी राहतील. त्यामुळे आपल्या ज्या दोघांची जागा जाईल, त्यांच्या बाहेरच्या खोलीचे भाडे न्यासाने द्यावे. खर्च थोडा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच दिव्याखाली बसलेले हे चौघे उद्या याच गावचे वकील, डॉक्टर, व्यापारी होणार आहेत. त्यांची ओळख मोर्चात व्हावी की खोलीत, एवढेच आपण ठरवावयाचे आहे.

मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.