सनद आणि भरवसा



दीक्षान्त समारंभात थोर शास्त्रज्ञांची व देशभक्तांची चरित्रे सांगण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि तो योग्यही आहे. तथापि आज मी इटलीतील एका फुटबॉलपटूविषयी, तोही गोल करणाऱ्या नव्हे तर गोल होऊ न देणाऱ्या खेळाडूविषयी, बोलण्याचे योजिले आहे, कारण विश्वासपात्रता किती कष्टांनी कमवावी लागते याचे इतके स्वच्छ दर्शन मला अन्यत्र क्वचितच घडले.

पाओलो माल्दिनी 20 जानेवारी 1985 रोजी, अवघ्या 16 वर्षांचा असताना, उदिने येथे एसी मिलानकडून प्रथम मैदानात उतरला आणि 31 मे 2009 रोजी फ्लॉरेन्स येथे अखेरचा सामना खेळून निवृत्त झाला. मधल्या 25 हंगामांत दुसऱ्या कोणत्याही क्लबाची चाकरी न पत्करता तो मिलानसाठी 902 सामने खेळला. त्याचे वडील चेझारे यांनी 1963 साली वेम्बलीवर मिलानचे कर्णधार म्हणून युरोपीय चषक स्वीकारला होता. असे नाव वतनासारखे वारशाने मिळते. पण त्या नावावर प्रेक्षकांनी ठेवावयाचा भरवसा मुलाला स्वतःच संपादन करावा लागला, आणि बरोबर 40 वर्षांनी, 2003 साली, मँचेस्टरला तोच चषक त्याने कर्णधाराच्या नात्याने उचलला.

तो मूळचा उजव्या पायाचा. परंतु उजवी बाजू मॉरो तासोत्ती समर्थपणे सांभाळीत असल्यामुळे त्याच्या वाट्यास डावी बाजू आली, आणि तिथे त्याने आपला दुबळा पाय अभ्यासाने असा घडविला की जगातील सर्वश्रेष्ठ डाव्या बचावपटूंत त्याची गणना होऊ लागली. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे पोहोचण्यापूर्वीच त्याची वाट ओळखून तिथे उभे राहावयाचे, म्हणजे धडपडत अंगावर जाण्याचा प्रसंगच उद्भवत नाही, ही त्याच्या खेळाची रीत होती. अशा कामाची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी? 1993-94 च्या हंगामात मिलानने लीगमधील 34 सामन्यांत केवळ 36 गोल केले आणि तरीही विजेतेपद मिळविले, कारण संघावर झाले ते फक्त 15. जे झाले नाहीत त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्याच मोसमाच्या शेवटी, अथेन्स येथे बार्सिलोनाविरुद्ध युरोपीय चषकाचा अंतिम सामना असताना, बारेसी व कोस्ताकुर्ता हे बचावाचे दोन्ही आधारस्तंभ निलंबनामुळे बाहेर होते. तेव्हा माल्दिनी आपली डावी बाजू सोडून मध्यभागी उभा राहिला आणि मिलान 4-0 असे जिंकले.

त्याचे पराभवही लहान नव्हते, आणि मला ते विजयांहून अधिक महत्त्वाचे वाटतात. 1994 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इटलीने पेनल्टीवर गमावला. 2000 च्या युरोपीय स्पर्धेत अखेरच्या क्षणांपर्यंत हाती असलेले विजेतेपद फ्रान्सने हिरावून घेतले. आणि 2005 साली इस्तंबूलला, युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याच्या पहिल्याच मिनिटात त्याने स्वतः गोल केल्यावर, मध्यंतराला 3-0 अशी आघाडी असतानाही मिलान हरले. 126 सामन्यांनंतर 2002 साली तो राष्ट्रीय संघातून बाजूला झाला, आणि इटलीने विश्वचषक जिंकला तो 2006 साली, त्याच्याविना. असे वाट्यास आलेला मनुष्य कडवट झाला असता तर त्यास कोण दोष देणार? माल्दिनी मात्र प्रत्येक वेळी पुढच्या हंगामाच्या सरावास रुजू झाला, आणि 2007 साली, वयाची 38 वर्षे उलटल्यावर, अथेन्सलाच लिव्हरपूलला हरवून त्याने पुन्हा युरोपीय चषक घेतला.

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातून घडणारे उत्तम काम हे अपघात न झाल्याच्या, पूल न खचल्याच्या, रोग न पसरल्याच्या स्वरूपात असेल, आणि त्याबद्दल कोणी सत्कार करणार नाही. आज विद्यापीठाने दिलेली सनद घेऊन तुम्ही जिथे रुजू व्हाल, तिथे पहिल्याच वर्षी आपल्या व्यवसायातील ज्या अंगात तुम्ही दुबळे आहात ते अंग शिकावयास घ्या, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.