‘नावाने’ की ‘नावांनी’?



अध्यक्षाने भाषणाच्या सुरुवातीला ‘मी या पदाला पात्र नाही’ असं म्हणायचा रिवाज आहे. ते वाक्य मी गाळतो. मी इथे भांडायला आलो आहे, आणि भांडायला आलेल्याने पहिल्याच वाक्यात माघार घेऊ नये.

भांडण जुनं आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. वसईकडच्या आमच्या गावात रविवारची मिस्सा आटोपली की धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. मास्तर क्रुसाची खूण शिकवत होते. कपाळाला हात, पिता. छातीला हात, पुत्र. दोन खांदे, पवित्र आत्मा, ‘यांच्या नावाने’. मी उभा राहिलो आणि विचारलं, “मास्तर, नावं तर तीन घेतली. मग शेवटी ‘नावाने’ कसं? ‘नावांनी’ हवं ना?” वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. “देवाच्या गोष्टीत व्याकरण काढतोस?” म्हणाले, आणि मला बाहेर केळीच्या वाफ्याशी उभं केलं. पुढची छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी व्याकरण शिकवून पोट भरलं. त्या मास्तरांवर माझा राग नाही. ते वाक्य मात्र मी अजून विसरलेलो नाही. आजचा माझा विषय तोच आहे: देवाच्या गोष्टीत व्याकरण काढलंच पाहिजे. त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, ही शिकवण म्हणजे दुसरं काही नसून देवाबद्दल बोलताना पाळायचं व्याकरण आहे.

पहिलं भांडण आपल्याच व्यासपीठांशी. त्रैक्यावर प्रवचन करायची वेळ आली की आपले धर्मगुरू दोन वाटा धरतात. एक वाट म्हणजे ‘हे गूढ आहे, विश्वास ठेवा आणि पुढे चला.’ दुसरी वाट बर्फाच्या कारखान्यातून जाते. पाणी, बर्फ, वाफ, वस्तू एक, रूपं तीन, झालं त्रैक्य! मंडळी माना डोलावतात. अहो, पण हे तर सबेलियसचं मत! तिसऱ्या शतकात रोममध्ये चर्चने ज्याला बाहेर काढलं, तोच हे सांगत होता की देव एकच, तो कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून. तसं असेल तर गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना कुणाची करत होता? स्वतःचीच? पाण्याने बर्फाशी बोलावं तसं? दर वर्षी त्रैक्याच्या रविवारी आपण पाखंड सांगतो आणि वर त्याची पावती म्हणून आमेन घेतो.

दाखले देण्याचा मोह काही आजचा नाही. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने झरा आणि नदी घेऊन पाहिली, सूर्य आणि किरण घेऊन पाहिले. प्रत्येक दाखला कुठे ना कुठे लंगडतो हे पाहून शेवटी सगळे बाजूला ठेवले. ज्याला चर्चने ‘धर्मज्ञ’ ही पदवी दिली त्याने जे टाकून दिलं, ते आपण फ्रीजमधून काढून पुन्हा वाढतो.

दुसरं भांडण मराठी साहित्यातल्या माझ्या स्नेह्यांशी. ते प्रेमाने म्हणतात, “म्हणजे आपला दत्तच की हो! तीन शिरं, एक देह.” प्रेमाबद्दल आभार, पण हा हिशेब दोन्ही घरांवर अन्याय करणारा आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यात उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी सांगितली जाते. ख्रिस्ती शिकवणीत अशी वाटणी नाही. निर्मिती असो वा तारण, करणारा एकच देव, तिघांचं मिळून एकच काम. आणि दत्तसुद्धा तुम्ही समजता तितका सोपा नाही. महानुभावांचा दत्त एकमुखी आहे. घारापुरीच्या लेण्यात ज्या शिल्पाला आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो, ते एकट्या शिवाचं आहे असं अभ्यासक सांगतात. तीन तोंडं दिसली की एकच लेबल चिकटवायचं, ही सहिष्णुता नव्हे. हा आळस आहे.

तिसरं भांडण हल्ली हुशारीने फेकल्या जाणाऱ्या एका वाक्याशी: ‘त्रैक्य हे कॉन्स्टंटाईन बादशहाने नायसियाला मतदान घेऊन ठरवलं.’ नायसियाची परिषद 325 सालची. 2025 साली तिला 1700 वर्षं झाली. तिथे पुत्राच्या देवत्वाचा प्रश्न होता. पवित्र आत्म्याबद्दलचा विश्वास सविस्तर मांडला गेला तो 381 साली, कॉन्स्टंटिनोपलला. मधली 56 वर्षं राजसत्ता कुणाच्या बाजूला होती? बहुतेक काळ विरोधकांच्या! कॉन्स्टंटाईनने मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो, पुत्र निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या एरियसच्या बाजूच्या बिशपच्या हातून. आणि नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, चार बादशहांच्या कारकिर्दीत, मिळून सुमारे सतरा वर्षं. दरबाराचा माणूस इतकी वर्षं परागंदा राहत नाही.

आता मुद्द्याला हात घालतो. एरियस हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. तो मूर्ख नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: बाप आधी, मुलगा नंतर, म्हणजे पुत्र नव्हता असा एक काळ होता, म्हणजे पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला. अथनेशियसने त्याला जे उत्तर दिलं, ते मराठी माणसाला इतर कुणापेक्षा लवकर कळायला हवं. आपल्या शाळेच्या दाखल्यावर नाव परंपरेने कसं लिहितात? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रत्येकाच्या नावाच्या मध्यभागी त्याचा बाप बसलेला असतो. मुलांना मी विचारायचो, “‘बाप’ हा शब्द एकटा उभा राहतो का?” राहत नाही. ‘कुणाचा?’ हा प्रश्न त्याच्या पाठीला चिकटूनच येतो. बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळ असतं हे सगळे पाहतात. त्याच्या शेजारी एक नवा बापही जन्मलेला असतो हे कुणी पाहत नाही. बाळाच्या जन्माआधी तो नुसता माणूस होता.

देवाचं तसं नाही, असं अथनेशियस म्हणाला. देव एका दिवशी बाप झाला असं म्हणाल, तर तो बदलला असं म्हणावं लागेल. तो अनादी बाप असेल, तर पुत्रही अनादी असलाच पाहिजे. मुलाशिवाय बाप हे वाक्यच पुरं होत नाही. पुढे ग्रेगरीने याला नेमका शब्द दिला: ‘पिता’ हे द्रव्याचं नाव नाही आणि क्रियेचंही नाही, ते नात्याचं नाव आहे. तिघांमध्ये फरक आहे तो एवढाच, नात्याचा. देवत्व तिघांचं एक. ते वाटून तिघांना तिसरा हिस्सा आलेला नाही. पिता जन्म देणारा, पुत्र जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. तो ‘पुत्रापासूनही’ निघतो का, या एका शब्दावरून पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्चं आजही वाद घालतात. या वाक्यांत कुठे गणित दिसतं का? तीन बरोबर एक असं कुणीही म्हटलेलं नाही. म्हणणं एवढंच आहे की देवाच्या एकपणातच नातं आहे. ज्याने ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चा पहिला अध्याय, शिव-शक्तीचं ते दोनपण आणि एकपण, मन लावून वाचला आहे, तो या वाक्याशी कदाचित सहमत होणार नाही. पण ‘हे काय भलतंच’ असं तो म्हणणार नाही.

आता चौथं भांडण, आणि ते आपल्या शब्दांशी. आपण म्हणतो, ‘एक देव, तीन व्यक्ती.’ आजच्या मराठीत ‘या लिफ्टमध्ये सहा व्यक्ती’ अशी पाटी असते. म्हणजे तीन व्यक्ती म्हटलं की कानाला तीन सुटे सुटे देव ऐकू येतात. संस्कृतात व्यक्ती म्हणजे व्यक्त होणं, प्रकट होणं. तिकडे गेलात की पुन्हा सबेलियस! एकच शब्द आज एका खड्ड्यात नेतो आणि मुळात दुसऱ्या. यात मराठीचा दोष नाही. लॅटिन ‘पर्सोना’ हा नटाचा मुखवटा. ग्रीक ‘हिपोस्टासिस’ लॅटिनमध्ये शब्दशः नेला की ‘द्रव्य’ होतो. पश्चिमेला वाटायचं पूर्वेकडचे तीन द्रव्यं मानतात, पूर्वेला वाटायचं पश्चिमेकडचे तीन मुखवटे मानतात. 362 साली अलेक्झांड्रियाच्या सभेत अथनेशियसने दोन्ही बाजूंना विचारलं, तुम्हाला म्हणायचंय काय? तेव्हा कळलं की शब्द वेगळे आहेत, विश्वास एकच आहे. आणि पश्चिमेकडच्या ऑगस्टीनने तर कबूलच केलं की ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते सगळं सांगता येतं म्हणून नव्हे, गप्प बसायचं नाही म्हणून.

त्या जुन्या धर्माचार्यांनी शतकभर शब्द घासले. कॉन्स्टंटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारला तर दुकानदार पिता मोठा आणि पुत्र धाकटा असं ऐकवतो, अशी तक्रार निसाच्या ग्रेगरीने केली आहे. आपण किती घासले? 1616 साली रायतूरहून निघालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हणायचं धाडस केलं. त्यानंतर चारशे वर्षांत आपण ‘व्यक्ती’वर एकदा तरी बसून वाद घातला का?

एका बाईने घातला. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर प्रश्न विचारत राहिल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, वाचा. चर्च सांगतं म्हणून मान्य करा, हे त्यांनी ऐकलं नाही. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, हेही विचारलं. लोकांना वाटलं, बाई हातची गेली. त्याच बाईंनी पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते छापून झालं. प्रश्नांनी त्यांचा विश्वास मेला नाही. ज्यांनी कधी प्रश्न विचारला नाही, त्यांच्याकडून मात्र एक ओवीही मागे राहिलेली नाही.

तेव्हा ठराव मांडायचा तर माझा ठराव असा: बर्फाचा कारखाना बंद करा. दत्ताला दत्ताच्या जागी राहू द्या. आणि वर्गात ज्या मुलाने हात वर केला आहे, त्याला वाफ्याशी उभं करू नका.

माझी आई निरक्षर होती. रात्री निजताना ती अंगठ्याने माझ्या कपाळावर खूण करायची; अंगठ्याला खोवलेल्या नारळाचा वास असायचा. त्या रविवारी मी तिला तोच प्रश्न विचारला, तीन नावं आणि ‘नावाने’ कसं? ती म्हणाली, “तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, आडनाव. शाळेत मास्तर ‘नाव सांग’ म्हणतात की ‘नावं सांग’ म्हणतात?” तिचं उत्तर काटेकोर नव्हतं, नाझियान्झसच्या ग्रेगरीने तेही बाजूला ठेवलं असतं. पण पुढे थोडं ग्रीक शिकून मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचं एकोणिसावं वचन मुळात पाहिलं, तेव्हा तिथेही तीन नावांच्या आधी ‘नाव’ हा शब्द एकवचनातच उभा होता. वाफ्याशी उभा केलेला पोरगा योग्य ठिकाणी बोट ठेवत होता.

जय ख्रिस्त, जय महाराष्ट्र.