उभी गाडी जास्त खाते

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही, कीर्तनकारही नाही. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि तेव्हापासून सरकारी गाड्यांची देखभाल हेच माझं काम. तरी मला इथं उभं केलं ते एका कारणासाठी. मंडळात सध्या एक विषय गाजतोय. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आपल्याच जिल्ह्यात होते. त्यामुळे आपले निम्मे सोयरे-धायरे आणि बहुतेक देव राज्याच्या सीमेपलीकडे. दरवर्षी माहूर, शेगाव, पंढरपूर असं काहीतरी निघतंच. पण आता बरीच मंडळी साठी-सत्तरीला आली. लॉजच्या पायऱ्या चढवत नाहीत, रात्री दोनदा उठावं लागतं, जेवणाचं पथ्य असतं. म्हणून सूचना आली की वर्गणी काढून एक मोठी डिझेल गाडी घ्यावी आणि तिच्यात बर्थ, ओटा, संडास-बाथरूम बसवून घ्यावं. अमेरिकेत गेलेली आपली मुलं ज्या मोटरहोमचे फोटो पाठवतात, तशी. "तू गाडीतला माणूस, तू सांग," असं काकांनी फर्मावलं. तेव्हा सांगतो.

आधी एक गोष्ट. घर सोबत घेऊन निघणं आपल्याला नवीन नाही. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळाचे गोंड बांधव बैलगाड्यांनी येतात, वडाखाली गाड्या सोडतात आणि तिथंच संसार मांडतात. पंढरीच्या वारीत दिंडीमागे ट्रक असतो. तंबू, भांडी, शिधा, वारकऱ्यांच्या वळकट्या सगळं त्यात, आणि मागोमाग पाण्याचा टँकर. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि जवळपास तीन आठवडे तो ट्रक म्हणजेच घर. आणि आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचारा, १९८२ साली पक्ष काढल्यावर एन. टी. रामाराव यांनी जुन्या शेव्हरोले गाडीचा 'चैतन्य रथम' करून घेतला. त्यातच झोपणं, त्यातच जेवण, त्याच्याच टपावरून भाषण. जानेवारी १९८३ मध्ये सरकार आलं.

आता या तिन्हींत सारखं काय ते पाहा. केसलापूरची बैलगाडी बाकी वर्षभर शेतात राबते. दिंडीचा ट्रक वारी संपली की मालवाहतुकीला लागतो. रामारावांची गाडी प्रचारात रोज पळत होती. अमेरिकेतही मोठी मोटरहोम खऱ्या अर्थानं परवडते ती निवृत्तीनंतर घर विकून तिच्यातच राहणाऱ्यांना. म्हणजे गाडी रोज चालते, किंवा उरलेले दिवस दुसरं काम करते. आपली गाडी मात्र वर्षातले वीस दिवस चालणार आणि तीनशे पंचेचाळीस दिवस उभी राहणार. मला जे सांगायचं आहे ते इथंच आहे. चालणारी गाडी डिझेल खाते, उभी गाडी पैसे खाते.

कसं ते सांगतो. अर्धी भरलेली डिझेलची टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते. आतल्या हवेतलं पाणी टाकीच्या पत्र्याला धरतं आणि तळाशी उतरतं. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं बुरशी-जिवाणूंचा काळपट चिखल तयार होतो आणि तो फिल्टर तुंबवतो. म्हणून उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेवायची आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी वेळोवेळी काढायचं. बॅटरी न वापरताही उतरते, आणि उतरलेली तशीच राहिली की मरते. टायरचं रबर उन्हानं तडकतं. आपल्या आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी लांबच्या प्रवासाला वापरू देणार नाही. ऑइल किलोमीटरवर बदलायचं, पण किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला बदलायचंच. आणि बाप्पाच्या वाहनाला वायरिंग कुरतडायला फार आवडतं, तेही लक्षात ठेवा.

कोणी म्हणेल, आठवड्याला दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवू. काका, त्यानं फायदा कमी आणि तोटा जास्त. थंड इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं की डिझेल पूर्ण जळत नाही, काही ऑइलमध्ये उतरतं, काजळी साठते. महिन्यातून एकदा तासभर रस्त्यावर, भार घेऊन, इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी पळवावी लागते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ गाड्यांत तर हे आणखी जरुरीचं. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो गरम झाल्याशिवाय साफ होत नाही. मोठ्या गाड्यांत वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं, तेही उन्हात खराब होतं. तेव्हा प्रश्न असा : महिन्याला तासभर गाडी फिरवून आणणारा माणूस आपल्यापैकी कोण?

दुसरा विषय वजनाचा. पाचशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे पाचशे किलो. घरगुती भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. प्लायवूडचे बर्थ, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, टपावर ए.सी., वर दहा माणसं आणि त्यांच्या बॅगा. कागदावर लिहिलेलं वजन आणि खरं वजन यांचा मेळ बसत नाही. कापसाच्या हंगामात आपण गाड्या काट्यावर नेतोच. तशी ही गाडीही पूर्ण भरून काट्यावर न्यायची, पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी तोलायची, आणि त्यावरून टायरची हवा ठरवायची.

सामान वाढलं की मागे ट्रॉली जोडू, असंही एकजण म्हणाले. ट्रॅक्टर-ट्रॉली आपण लहानपणापासून पाहतो. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. नियम सोपे आहेत. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. मागच्या टोकाला भार जास्त झाला की ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि गाडीलाही हलवते. पिनशिवाय वेगळी साखळी हवी. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आणि मागचे दिवे हवेत. निर्मलच्या अलीकडचा महबूब घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनला गाडी धरू द्यायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात आणि खाली गरज पडते तेव्हाच ब्रेक लागत नाहीत. एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढायचं.

आणि गाडी बंद पडली तर? हवा संपलेल्या गाडीची पार्किंग स्प्रिंग चाकं जखडून ठेवते. दोरी बांधून ट्रॅक्टरनं ओढू म्हणाल तर हलणार नाही. ऑटोमॅटिक गिअरची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडल्याशिवाय ओढायचीच नाही, नाहीतर गिअरबॉक्स जातो. मोठी क्रेन लागते, आणि ती येईपर्यंत आजी-आजोबा रस्त्याच्या कडेला.

आता सर्वांत महत्त्वाचं. चूल चाकांवर चढवली की काय होऊ शकतं ते आठवा. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत यार्डात उभ्या असलेल्या पर्यटन डब्याला आग लागली. लखनौहून निघालेले यात्रेकरू होते, आत नियमबाह्य सिलिंडर होता. किमान नऊ जण गेले. त्याआधी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, पंचवीस प्रवासी गेले. ते आपल्यासारखेच सुखरूप पोहोचायला निघालेले लोक होते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साठतो, म्हणून झरोका खाली हवा. सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात हवा. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. सूचना देणारा अलार्म बर्थजवळ पाहिजे. दाराशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट पाहिजे, आणि गुडघे दुखणाऱ्या आपल्या काकूंना ती वापरता आली पाहिजे. नुसता लाल अक्षरांत 'संकटकालीन मार्ग' लिहून भागत नाही.

म्हणूनच स्वस्तात जुनी बस घेऊन ओळखीच्या सुताराकडून आत घर बांधून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचं काय होईल ते मी वेगळं सांगत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे मानक आहे, त्याप्रमाणे मंजूर झालेलीच गाडी बघायची. चालकाचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यावरच्या गाडीला जड वाहनाचा परवाना असलेला माणूसच हवा.

खर्चाचं एकच उदाहरण देतो. मोठी भरलेली गाडी लिटरला साडेचार किलोमीटर दिली तर चांगली म्हणायची. पंढरपूरला जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर धरा, म्हणजे सुमारे २४५ लिटर. ९५ रुपये दरानं तेवीस हजारांच्या वर. दहा जणांत वाटलं तर माणशी तेवीसशे. हे परवडतं! डिझेलला घाबरू नका. घाबरायचं ते विमा, टॅक्स, टायर, बॅटरी, शेड, पगारी चालक यांना, कारण हे मीटर गाडी उभी असतानाही चालू असतं.

मग नकोच का? मी तसं म्हणत नाही. सत्तरीत देवदर्शनाची आणि सोयऱ्यांना भेटायची इच्छा असणं यात काही वावगं नाही, आणि पायऱ्या चढवत नाहीत म्हणून कोणी घरी बसावं हे मंडळाला शोभणारं नाही. माझी सूचना अशी. या वर्षी चांगली बस भाड्यानं घ्या, सोबत स्वयंपाकी घ्या, तळमजल्याच्या खोल्या आधी फोन करून ठरवा. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे. तेव्हा पुढच्या वर्षी तिकडची मंजूर कॅरॅव्हॅन चार दिवस भाड्यानं घेऊन तीन-चार ज्येष्ठांनी अनुभव घ्यावा. रात्री झोप लागली का, संडासाची टाकी रिकामी करायला कोण पुढं आलं, हे वहीत लिहावं. दोन वर्षांनी त्या वहीवरून बसून ठरवू. वर्षाला साठ दिवस गाडी रस्त्यावर राहील एवढी नावं लेखी आली, आणि तिची वही, तिचं ऑइल, तिची महिन्याची फेरी सांभाळणारा एक माणूस नाव घेऊन उभा राहिला, तर गाडी निवडायला मी स्वतः येईन आणि खाली झोपून चासीही तपासेन. तो माणूस सापडला नाही, तर वर्गणी कितीही जमली तरी घेऊ नये.

मी सरकारी माणूस, वेळेत थांबायची सवय आहे. 

गणपती बाप्पा मोरया!